येळवशीची शिळी भज्जी

"वाटी धरा बाई, हात अवघडला," म्हणत आक्कांनी कुंपणाच्या तारेवरून भज्जी इकडे दिली.

कालच येळवस झाली. येळवशीची भज्जी दुसऱ्या दिवशी जास्त चवदार लागते, हे आमच्या सास्तुरात शेंबडं पोरही सांगेल. रात्रभर चिंच आणि बेसन एकमेकांत मुरतं, तुरीचे हिरवे दाणे मऊ पडतात. लातूर-धाराशिवच्या बाहेर हे प्रकरण फारसं ठाऊक नसतं म्हणून सांगते. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडची गावं ओस पडतात. सगळे रानात. कडब्याची कोप उभी करायची, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांना भज्जी, उंडे, आंबील यांचा नैवेद्य दाखवायचा, पिकात आंबील शिंपडायची आणि मग उठवेना होईपर्यंत जेवायचं. ज्याला रान नाही त्याला कुणाच्या तरी रानातलं बोलावणं असतंच.

कुंपण ही मात्र आमच्याकडे भूकंपानंतरची वस्तू. जुन्या गावात भिंतीला भिंत आणि माळवदाला माळवद; शेजारणीशी बोलायला उठावंही लागत नसे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे ते गाव बसलं. नव्या गावात प्लॉट आखून दिले, दोन घरांत मोकळी जागा सोडली. त्या जागेत कुणी शेवगा लावला, कुणी तार ओढली. आक्कांच्या आणि माझ्या मधे दोन्ही आहेत.

वाटी दिली तरी आक्का हलेनात. तार धरून उभ्याच. म्हणजे भज्जीच्या मागून आणखी काही यायचं होतं.

"काल कोपीत कोन जेवायला हुतं, वळखा बरं."

"कोण?"

"त्येच की वो. प्रार्थनेवालं पोरगं."

पोरगं म्हणजे चाळिशी ओलांडलेला माणूस, पण आक्कांनी त्याला उघडा-नागडा पाहिलाय, त्यामुळे तो पोरगंच राहणार. नऊ वर्षं तो दर रविवारी पत्र्याच्या शेडमधल्या प्रार्थनेला जायचा. बायको आणि लेकरं मागून. तेरणेच्या पाण्यात बाप्तिस्मा घेतला होता. नऊ वर्षांत येळवशीला रानात आला नाही, तुळजापूरला गेला नाही, सख्ख्या बहिणीच्या घरचा प्रसादसुद्धा हातात घेऊन बाजूला ठेवायचा. आणि आता दिवाळीपासून त्याचं प्रार्थनेला जाणं बंद.

"आला, बसला, पांडवाला हात जोडला, आंबील शिपडली. समदं रीतीनं केलं. आन् आज सकाळी गिरनीवर त्येच्या त्या मंडळीतली एक बाई भेटली मला. म्या म्हनलं, तुमचं मानूस काल आमच्याकडं जेवलं. तर म्हनती कशी, आक्का, त्यो आमचा कवाच नव्हता. खरा विश्वासी असता तर गेलाच नसता."

"आणि पारावर काय म्हणतात?"

"पारावर म्हनूलालेत, पैशे मिळत हुते तवर गेला. आटले, आला माघारी." आक्कांनी तोंड वाकडं केलं. "पैशे मिळाले असते तर पत्रे बदलले नसते का वो त्यानं? पावसाळ्यात चार जागी बादल्या ठिवतीया त्येची बायको. ह्येंच्या डोळ्याला दिसत न्हाई का?"

मी तुरीच्या शेंगांचं सूप घेऊन कुंपणाला लागून बसले. हे लवकर आटपणारं नव्हतं.

"मला येक सांगा," आक्का म्हणाल्या, "तुमी शिकलेल्या, पोरं शिकवलेल्या. त्येची दारू सुटली का न्हाई?"

सुटली होती. हे सगळ्या गावाला माहीत आहे. रस्त्यावर पडलेला असायचा, बायकोच्या अंगावर वळ असायचे. कुणीतरी त्याला त्या शेडमध्ये नेलं. तिथे पाळकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, पुढचे कित्येक आठवडे मंडळीतली दोन माणसं रोज संध्याकाळी त्याच्या दारात येऊन बसायची, म्हणजे नेमक्या गुत्त्याला जायच्या वेळेला. त्याने सर्वांसमोर उभं राहून साक्ष दिली. आणि दारू सुटली ती आजतागायत. प्रार्थना सुटली तरी दारू परत आली नाही.

"मंग खोट्यानं खरी दारू सुटती का?" आक्का.

मी पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, पण असा प्रश्न कुठल्या तपासणीत आला नव्हता.

मी म्हटलं, "आक्का, ती गिरणीवरची बाई मनानं काही बोलली नाही. त्यांच्या शास्त्रातच तसा आधार आहे." नव्या करारात योहानाची पत्रं आहेत, पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात असा आशय येतो की जे आपल्यातून निघून गेले ते मुळात आपल्यातले नव्हतेच, असते तर राहिले असते. त्या वेळी मंडळीत फूट पडली होती, तिच्या संदर्भातलं ते बोलणं. पण असं वाक्य एकदा ग्रंथात शिरलं की ते फुटीपुरतं राहत नाही, ते गिरणीपर्यंत येतं. सोळाव्या शतकात कॅल्व्हिन नावाचा मोठा पंडित झाला, त्याच्या परंपरेनं तर यावर सिद्धान्तच उभा केला: देवाने ज्याला निवडलं तो शेवटी सुटत नाही, जो सुटला त्याला निवडलंच नव्हतं. त्याच्या उलट अठराव्या शतकातला जॉन वेस्ली, मेथॉडिस्टांचा मूळपुरुष. तो म्हणे, असं नाही, खरा विश्वास असलेला माणूसही घसरू शकतो, आणि घसरलेला परत उठू शकतो. आपल्या शेजारी बिदरकडे ज्यांचं जुनं काम आहे, ते हेच मेथॉडिस्ट.

"म्हंजे ह्येंच्यातबी दोन फड हायतच," आक्का समाधानाने म्हणाल्या. दिंडीत कुठल्या फडाने आधी जायचं यावरून होणारी भांडणं त्यांनी पाहिलेली आहेत.

"आणि बी पेरणाऱ्याची गोष्ट तर तुम्हाला आवडेल," मी म्हटलं. येशूने सांगितलेला दृष्टांत. काही बी वाटेवर पडलं, पाखरांनी खाल्लं. काही खडकाळ जागी, ते लवकर उगवलं पण उन्हाने करपलं. काही काट्यांत. आणि काही चांगल्या जमिनीत. आपल्या पोराबद्दल त्या मंडळीत बहुतेक हेच सांगत असतील, की तो खडकाळ जमीन निघाला.

आक्का शेतकरीण आहेत. त्यांनी दृष्टांत शेतकऱ्यासारखाच ऐकला. "मुरमाड रानात लवकरच उगवतंय. वर माती थोडी, ऊब लागती. आन् मंग पानी तुटलं की वाळतंय. खरं हाय त्येंचं. पन बाई, वाळलं म्हना, उगवलंच न्हवतं कसं म्हनता? आमच्या वरच्या रानातली तूर दरसाल फुलात आली की माना टाकती. म्हनून मी तलाठ्याला सांगू का, पेरलीच न्हवती?"

मला शेंग सोलता सोलता थांबावं लागलं. दृष्टांत मी कितीदा वाचला होता आणि त्यातलं 'उगवलं' हे क्रियापद सरळ ओलांडून गेले होते.

आता खरं सांगायचं तर मला या विषयात मुळापासून रस आहे, आणि त्याचं कारण शास्त्र नाही, बायका आहेत. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' मी दर दोन-तीन वर्षांनी काढून वाचते. नारायण वामन टिळकांनी 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि इकडे लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा व्हायला 1900 साल उजाडलं. मधल्या पाच वर्षांत त्यांचं काय काय चाललं होतं ते वाचावं. आधी सोवळं ढिलं झालं, मग कुणाच्या हातचं खायचं आणि का नाही याचा गुंता सुटत गेला, येशू त्यानंतर. आता कुणी मला विचारलं की लक्ष्मीबाई नेमक्या कुठल्या दिवशी ख्रिस्ती झाल्या, तर मी तारीख सांगू शकणार नाही; रजिस्टरवर असेल ती असेल. आणि आत येण्याला जर तारीख नसते, तर बाहेर जाण्याला तरी ती का असावी?

पण आक्कांना मी टिळकांचं नाही, पंडिता रमाबाईंचं सांगितलं. केडगावच्या मुक्तीचं नाव त्यांनी ऐकलेलं होतं. संस्कृत पुराणं मुखोद्गत असलेली ही बाई 1883 साली इंग्लंडला गेली आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या 29 तारखेला वाँटेज इथे लहानग्या मनोरमेसह तिने बाप्तिस्मा घेतला. इथे पुण्यात गहजब. बाटली, बाटली. आणि तिकडे? तिकडे ज्या मठात ती राहत होती, तिथली सिस्टर जेराल्डिन तिच्यावर नाराज. का, तर ही प्रश्न विचारते. त्रैक्याचा सिद्धान्त मला पटत नाही म्हणते. जे मनाला पटत नाही ते तोंडाने म्हणायला नकार देते. अंड्याचा पदार्थ खात नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, माझ्या देशाची भाषा का नको, म्हणते. त्या दोघींची पत्रं छापलेली आहेत. ती वाचताना वाटतं, ज्या बाईला अख्खा महाराष्ट्र 'ख्रिस्ती झाली' म्हणून शिव्या घालत होता, तिला तिच्याच धर्मातली तिची गुरू 'ही नीट ख्रिस्ती नाही' म्हणून पत्रं लिहीत होती.

"मंग कंच्या बाजूची हुती ती?"

"तीच तर गंमत आहे. तिनं स्वतः नंतर लिहिलंय, 1907 मध्ये, की बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी मला कळलं की मला ख्रिस्ती धर्म मिळालाय, पण ख्रिस्त मिळालेला नाही."

आक्का गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आट वर्सं. आन् त्या आट वर्सांत ती मधीच सोडून आली असती तर?"

मला तरी हा मुद्दा सुचला नव्हता. 1887 साली रमाबाई परत फिरल्या असत्या तर दोन्हीकडच्यांनी हात झटकले असते: ती कधी विश्वासी नव्हतीच. आणि ते रमाबाईंच्याच नंतरच्या हिशेबाने खरंही ठरलं असतं! पण त्या राहिल्या, आणि राहिल्या म्हणून त्यांची शंकेची आठ वर्षं ही खऱ्या विश्वासाकडे जाणारी वाट ठरली. म्हणजे आधीची वर्षं खरी की खोटी हे नंतरच्या वर्षांवर ठरतं. सुगी झाल्यावर पेरणीचा दिवस शुभ होता म्हणणाऱ्या जोशासारखं हे.

राहणाऱ्यांच्या मनाची तरी खात्री कुणी द्यावी? मदर तेरेसांची खाजगी पत्रं 2007 साली पुस्तकात आली. कित्येक दशकं त्यांना प्रार्थनेत देव जाणवतच नव्हता, आत नुसता अंधार, असं त्यांनी आपल्या धर्मगुरूंना लिहिलेलं. त्या गेल्या नाहीत, काम करत राहिल्या, संत झाल्या. जाणवत असूनही गेलेले असतील, जाणवत नसूनही राहिलेले असतील. हे आत डोकावून कोण बघणार?

"बघायला गेले हुते का कुनी?" आक्कांनी विचारलं.

गेले होते. गोव्यात. पोर्तुगिजांनी 1560 साली तिथे इन्क्विझिशन बसवलं, मधली काही वर्षं सोडली तर ते 1812 पर्यंत चाललं. आपल्याला वाटतं ते फक्त हिंदूंना छळायला होतं. त्याचा मोठा रोख होता बाप्तिस्मा झालेल्यांवर: हे खरे ख्रिस्ती झालेत की नुसते वरून? आता मन कसं तपासणार? मग घर तपासायचं. 1736 सालचा एक जाहीरनामा आहे, त्यात ख्रिस्ती झालेल्यांनी काय काय करायचं नाही याची यादीच दिली आहे. लग्नात जुनी गाणी म्हणायची नाहीत. हळद लावायची नाही. दारात तुळस नको. आणि भात मीठ न घालता शिजवायचा नाही.

"काय?"

"हो. भातात मीठ घालूनच शिजवायचा. कारण अळणी भात हिंदू शिजवतात."

आक्का इतक्या हसल्या की तार हलायला लागली. "म्हंजे माझी सून ख्रिस्ती, आन् मी हिंदू! ती घालती मीठ. मी सांगून दमले, कुकरला मीठ घालू नगं म्हनून."

हसण्यावारी गेलं खरं, पण त्या मिठापायी माणसं कोठडीत गेली असतील. आणि एवढं करूनही काय झालं? 1928 साली साताऱ्याकडचे मसूरकर महाराज गोव्यात गेले आणि तिथल्या गावड्यांपैकी सात हजारांहून जास्त ख्रिस्ती गावड्यांची त्यांनी शुद्धी करून घेतली. पिढ्यान्‌पिढ्या चर्चमध्ये बाप्तिस्मे, लग्नं, अंत्यविधी झालेली ही माणसं. चर्चवाल्यांना म्हणायला सोपं झालं, हे कधी मनाने ख्रिस्ती नव्हतेच. शुद्धीवाल्यांनाही तेच म्हणायचं होतं, उलट्या सुरात: हे आतून हिंदूच होते. दोन्ही बाजूंचं एकमत झालं. आणि ज्यांच्यात ते परत आले त्या जुन्या हिंदू गावड्यांनी? त्यांनी यांच्याशी सोयरिक करायला खळखळ केली. आजही त्यांची ओळख 'नवहिंदू गावडे' अशीच सांगतात. शंभरेक वर्षं होत आली, अजून 'नव'च.

"आपल्याकडं बी तसंच हुनार हाय," आक्का म्हणाल्या. "काल कोपीत त्येला जेवायला वाढलं समद्यांनी, पन ताट येगळं कोपऱ्यात हुतं. कुनी मुद्दाम न्हाई ठिवलं. झालं तसं."

हे त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं.

माझं माहेर जालन्याकडचं, त्यामुळे बेथेल हे नाव मी लहानपणापासून ऐकलेलं. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ ख्रिस्ती लोकांची ती वसाहत वसवली. या नारायणरावांचा धाकटा भाऊ श्रीपत. 1843 साली मुंबईत नारायणरावांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा श्रीपत लहान होता, भावाबरोबर मिशनऱ्याच्या घरी राहिला, तिथे जेवला. बाप्तिस्मा झालेलाच नव्हता. बापाने कोर्टात दावा लावला, कोर्टाने पोर बापाच्या हवाली केलं. झालं, प्रश्न मिटायला हवा होता. पण खरा गोंधळ तिथून सुरू झाला: पाद्र्याच्या घरी जेवलेल्याला परत घ्यायचं कसं? 'दर्पण'वाले बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन घ्या म्हणत पुढे झाले, आणि मुंबईच्या ब्राह्मणांत दोन तट पडले. बाळशास्त्र्यांनाच वाळीत टाकायची भाषा झाली.

त्या सगळ्या वादात श्रीपतच्या मनात काय होतं हा मुद्दाच नव्हता. मिशनऱ्यांकडे विचारतात, मनात काय होतं. आपल्याकडे विचारायचे, पोटात काय गेलं. मला विचाराल तर दोन्ही प्रश्न पोराच्या वयाला न शोभणारे.

इतक्यात आक्कांच्या सुनेने आतून हाक मारली, दूध उतू चाललंय की गेलंय असं काहीतरी. आक्का "आले आले" म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत.

"आमच्या दिराचं म्हाईत हाय की तुमाला," त्या म्हणाल्या. "माळ घातली. पाच वाऱ्या केल्या पायी. एकादशीला पान्याचा थेंब घेत नसत. आन् सहाव्या वर्सी थोरल्या साडूच्या घरी बोकड पडलं, बसले जेवायला. माळ देवाऱ्यात काडून ठिवली, ती अजून तितंच हाय. तवा गावानं काय म्हनलं? माळ सोसली न्हाई त्येला, म्हनलं. कुनी असं न्हाई म्हनलं की पाच वर्सं सोंग करत हुता."

सोसली नाही. मी हा शब्द हजारदा ऐकला असेल, पण त्या गिरणीवरच्या बाईच्या वाक्याशेजारी ठेवून कधी पाहिला नव्हता. माळ सोसली नाही, नवस सोसला नाही, गुरू सोसला नाही. यात माळेला कमीपणा नाही आणि माणसालाही खोटं पाडलेलं नाही. औषध खरं, रोगी खरा, दोघांचं जमलं नाही. अर्थात आपली भाषा फार उदार आहे असं मी म्हणणार नाही. याच भाषेत 'बाटगा' हा शब्दही आहे, आणि तो सोसली-नाहीच्या हजारपट वापरला गेलाय.

मग आक्का एकदम म्हणाल्या, "आन् माझंच काय?"

मला ठाऊक होतं, पण त्यांनी स्वतः हे कधी काढलं नव्हतं. 1993 ला अनंत चतुर्दशी 29 सप्टेंबरला होती. गणपती पाण्यात सोडून गाव रात्री उशिरा झोपलं आणि पहाटे चारच्या आत सगळं संपलं. माळवदाची माती, लाकडं, दगड. आक्कांचं पाच वर्षांचं लेकरू गेलं. त्याने संध्याकाळीच गणपतीला हट्टाने आपल्या हाताने शेवटचं फूल वाहिलं होतं.

"मी अकरा वर्सं गनपती बसवला न्हाई. नुसतं बसवायचं सोडलं न्हाई, बाई. मी मानतच न्हव्हते. देऊळ आलं की मान फिरवायची. सासू म्हनायची, पाप लागंल. म्या म्हनायची, लागायचं ऱ्हायलंय का काई? मंग नातू झाला, त्यानं हट्ट धरला, बसवला. आता बसवते, आरती म्हनते." त्यांनी पदराने नाक पुसलं. "अकरा वर्सांत कुनी मला म्हनलं का, की ही आदीपासून खरी न्हवती म्हनून? आन् आता बसवते तर कुनी इचारतं का, मनातून बसवती का नातवासाठी?"

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. त्या पहाटे मी माहेरी होते. माझं घर पडलं, पण आत कुणी नव्हतं.

आपल्याला कुणी विचारत नाही, कारण आपल्याकडे माणूस मोजतात तो विश्वासाने नाही, घराने. आक्का मानोत न मानोत, त्या आक्काच. त्या पोराने मात्र अशा दारातून पाऊल टाकलं होतं जिथे विश्वास हेच घर. तिथून निघताना घरच नव्हतं असं म्हणायची पाळी मागे राहिलेल्यांवर येते. मला त्या गिरणीवरच्या बाईचा रागही येत नाही. ती रोज संध्याकाळी त्याच्या दारात बसणाऱ्यांपैकी एकाची बायको आहे. गुत्त्याच्या वेळेला स्वतःच्या घरची चूल थंड ठेवून नवरा दुसऱ्याच्या ओट्यावर बसायचा. इतकं करून तो खरा होता आणि तरी गेला, हे मानायचं तर तिला रात्री झोप कशी लागावी? उद्या आपला नवराही जाऊ शकतो, आपणही. त्यापेक्षा तो कधी नव्हताच, हे बरं. आणि पारावरच्यांचंही तसंच. आपल्यातला एक माणूस खरोखर, पैसे न घेता, आपलं सगळं सोडून तिकडे रमला होता हे मानायला त्यांना जड जातं.

वर कागदाचं आणखी वेगळंच. 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश असा की अनुसूचित जातीचा दाखला हिंदूंनाच; 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्यात घेतलं, ख्रिस्ती झालेल्यांना आजही नाही. परत आलेल्याने दाखला मागितला तर जातीने त्याला परत स्वीकारलंय का हेही तपासायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये के. पी. मनू यांच्या खटल्यात सांगितलं. आपल्या पोराला ती अडचण यायची नाही, कारण त्याने कागदाला कधी हातच लावला नव्हता. त्याच्या थोरल्याचा शिष्यवृत्तीचा फॉर्म दरवर्षी मीच भरून देते. मागच्या वर्षीही धर्माच्या रकान्यात मी 'हिंदू' लिहिलं तेव्हा तो समोर बसला होता, गळ्यात काही नाही, खिशात छोटा नवा करार. माझ्याकडे बघितलं नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. मीही पुढचा रकाना भरला. म्हणजे त्या नऊ वर्षांवर खोडरबर फिरवणाऱ्यांत माझाही हात आहे, हे मी आक्कांना सांगितलं नाही. इथे लिहिते.

सूप रिकामं झालं होतं. मी आक्कांची वाटी घासून आणली, रिकामी देत नाहीत म्हणून त्यात शेंगाची चटणी घातली. त्यांनी ती बोटाने चाखली, मीठ कमी आहे म्हणाल्या, आणि तरी गेल्या नाहीत.

"आनखी येक हाय," त्या म्हणाल्या. "काल जेवायच्या आदी त्येनं डोळे मिटले. समदे हात घालूलालते ताटात, आन् ह्यो डोळे मिटून बसला. लई येळ न्हाई, एवढाच. ओठ हालूलालते. त्येच्या मायला वाटलं, चुलीचा धूर गेला डोळ्यात."

"मग? तुम्हाला काय वाटलं? पांडवांचं नाव घेत होता की प्रभूचं?"

"मला काय म्हाईत."

"विचारायचं होतं की."

"इचारनार हुते," आक्का म्हणाल्या आणि वाटी पदराखाली धरून वळल्या. "पन भज्जी गार होऊलालती की वो बाई."